मळसूत्र, पाना आणि घरची गाडी

बारा मिलिमीटरचा पाना आणि तेरा मिलिमीटरचा पाना शेजारीं शेजारीं ठेवले, तर अनभ्यस्त दृष्टीस त्यांतला भेद सहसा ओळखूं येत नाहीं. परंतु तेराचा पाना बाराच्या नटावर घालून जोर लावला कीं पाना सरकतो, नटाचे कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. मग त्यास छिनी लावावी लागते, आणि दहा मिनिटांच्या कामास दिवस पुरत नाहीं. अशा वेळीं गृहस्थ आपल्या हातास दोष देतो आणि मिस्त्री गृहस्थास. वस्तुतः घरची गाडी घरींच दुरुस्त करूं पाहणाऱ्याच्या पेटींत इतक्या आकड्यांचे पाने कां लागावे, याचें कारण बरेंच दूरचें आहे. राष्ट्राराष्ट्रांनीं दीडशें वर्षें जे निरनिराळे निर्णय केले, त्यांचे अवशेष त्या पेटींत एकत्र नांदत असतात. त्यांची थोडी ओळख करून घेतली तर हत्यार निवडतांना चूक कमी होईल, असें आम्हांस वाटतें.

मळसूत्राची युक्ति जुनी आहे. तेलाच्या आणि द्राक्षरसाच्या दाबयंत्रांत लांकडी मळसूत्रें रोमन काळापासून फिरत आलीं. लोखंडी मळसूत्रांची गोष्ट निराळी. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत एका बोल्टास बहुधा एकच नट बसे. कारागीर दोन्ही घडवी, एकमेकांत बसवून पाही, आणि जोडी चुकूं नये म्हणून दोहोंवर खूण करी. हेन्री मॉड्स्ले यानें लंडन येथें १८०० च्या सुमारास मळसूत्र कापण्याचें लेथ सिद्ध केलें, तेव्हां एकासारखे दुसरे आटे पाडणें सुलभ झालें. तथापि एका कारखान्याचे आटे आपसांत जुळूं लागले तरी शेजारच्या कारखान्याशीं त्यांचें जुळेना.

ही अडचण मॉड्स्लेच्याच हाताखालीं काम केलेल्या जोसेफ व्हिट्वर्थ यानें दूर केली. १८३३ सालीं मँचेस्टर येथें त्यानें स्वतःचा कारखाना काढला होता. त्यानें ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, त्यांचीं मापें घेतलीं आणि सरासरी काढली. १८४१ सालीं लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढें निबंध वाचून त्यानें सुचविलें कीं, आट्यांचा कोन सर्वत्र ५५ अंशांचा असावा, आणि अमुक जाडीच्या बोल्टास दर इंचीं अमुक आटे हें कायम ठरावें. ५५ हा आकडा कोणत्याही गूढ सिद्धान्तांतून निघालेला नव्हता. तो चालू व्यवहाराचा मध्य होता. एकाचेंच माप सर्वांवर न लादतां प्रत्येकास थोडें थोडें सोडावयास सांगितलें, म्हणून इंग्लंडांतील कारखान्यांनीं आणि रेल्वे कंपन्यांनीं तें हळूहळू पत्करलें.

या पद्धतीची एक खोड मात्र आजही जुनी इंग्रजी मोटारसायकल बाळगणाऱ्यास छळते. व्हिट्वर्थ पान्यावरील आकडा पान्याच्या तोंडाची रुंदी सांगत नाहीं. तो बोल्टाच्या दांड्याची जाडी सांगतो. ‘१/४’ अशी खूण असलेल्या पान्याचें तोंड प्रत्यक्षांत ०.५२५ इंच, म्हणजे अर्ध्या इंचाहूनही थोडें अधिक असतें. पुढें १९०८ सालीं बारीक आट्यांची बी. एस. एफ. ही पद्धत आली. तींत डोकें एका मापानें लहान धरलें. त्यामुळें एकाच पान्यावर ‘१/४ डब्ल्यू’ आणि ‘५/१६ बी. एस. एफ.’ अशा दोन खुणा दिसतात. हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास तो पाना खोटें बोलतो असेंच वाटावयाचें.

इकडे अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें १८६४ सालीं फिलाडेल्फियाच्या फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटपुढें निराळी योजना मांडली. आट्यांचा कोन ६० अंशांचा असावा आणि त्यांचीं टोकें गोल न करतां सपाट ठेवावींत, असें तिचें स्वरूप होतें. साध्या कारागिरास साध्या हत्यारांनीं असे आटे पाडतां येतात, हा त्याचा मुद्दा होता. यूरोपांत मेट्रिक पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनीं १८९८ सालीं झुरिच येथें परिषद भरवून मिलिमीटरचे आटे ठरविले. प्रत्येक पद्धत आपल्या जागीं शहाणपणाची होती, परंतु तिघींनीं मिळून जगाचे तीन तुकडे केले.

मापें न जुळल्याची किंमत केवढी असूं शकते, हें बाल्टिमोर शहरानें १९०४ च्या फेब्रुवारींत पाहिलें. आग लागल्यावर वॉशिंग्टन आणि इतर शहरांतून बंब धांवून आले. पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांस बसेनात. माणसें होतीं, पाणीही होतें. जोड तेवढा मिळाला नाहीं, आणि दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. दुसऱ्या महायुद्धांतही मित्रराष्ट्रांच्या यंत्रसामग्रीची हीच अडचण झाली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजीं इंग्लंड, अमेरिका आणि कानडा यांनीं वॉशिंग्टन येथें करार करून ६० अंशांचे समाईक आटे मान्य केले. पण ते इंचाचेच राहिले. त्याच्या आदल्याच वर्षीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेच्या पहिल्या क्रमांकाच्या समितीचा विषय मळसूत्राचे आटे हाच आहे, यांत आश्चर्य नाहीं.

आपल्या देशांत हीं सर्व मतें एकाच रस्त्यावर धांवलीं. उत्तरपाड्यास बनलेली अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डची वंशज. तिचे मूळचे नट इंचाचे. मुंबईंत कुर्ल्यास बनलेली फियाट इटालियन वंशाची, तिचे मिलिमीटरचे. त्यामुळें कलकत्त्याच्या टॅक्सीचे पाने मुंबईच्या टॅक्सीस लागू पडत नसत. १९५५ पासून मद्रासेंत तयार होऊं लागलेल्या बुलेटनें इंग्रजी मापांचा वारसा आणला. सरकारनें १९५६ सालीं मेट्रिक मापांचा कायदा केला, पण कायदा झाला म्हणून जुन्या गाडीचा बोल्ट बदलत नाहीं. पुढें १९८५ पासून हिरो होंडाच्या रूपानें जपानी घडण घरोघर आली. ती मिलिमीटरचीच, परंतु आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टास जर्मन लोक तेराचें डोकें देतात, तेथें जपानी लोक बहुधा बाराचें देतात. आरंभीं उल्लेखिलेल्या बारा-तेराच्या घोटाळ्याचें मूळ हें असें आहे.

पेंचकसाची कथा याहून बोधप्रद आहे. साध्या चिरेच्या स्क्रूवरून पातें घसरतें, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. कानडांतील पीटर रॉबर्ट्सन याचा हात अशाच घसरण्यानें कापला, आणि १९०८ सालीं त्यानें चौकोनी खांचेचा स्क्रू काढला. तो पेंचकसास घट्ट धरून ठेवी. परंतु परवाना देण्याच्या बाबतींत त्याचें फोर्डशीं जमलें नाहीं, आणि त्याचा प्रसार मुख्यतः कानडापुरता राहिला. १९३६ सालीं अमेरिकेंतील हेन्री फिलिप्स यास फुलीच्या खांचेचीं पेटंटें मिळालीं, आणि कॅडिलॅक मोटारींच्या जुळणींत ती खांच प्रथम वापरली गेली. या खांचेंत टोक आपोआप मध्यावर बसतें. म्हणून यंत्रानें भराभर स्क्रू कसण्यास ती उत्तम. पण तिच्या भिंती उतरत्या असल्यामुळें जोर वाढला कीं टोक वर उचललें जातें. तात्पर्य, ही खांच कारखान्यांत कसणाऱ्याच्या सोयीची आहे. वीस वर्षांनीं गंजलेला स्क्रू घरीं उघडणाऱ्याचा विचार तिच्या जन्मवेळीं कोणी केलेला दिसत नाहीं. जपानी प्रमाणाची फुली हुबेहूब अशीच दिसते, पण तिच्या कोपऱ्यांची घडण निराळी असते. पुष्कळदा अशा स्क्रूच्या डोक्यावर एक लहान टिंब आढळतें. त्यांत फिलिप्सचें टोक पुरतें खालीं बसत नाहीं, आणि कार्ब्युरेटरचे मऊ स्क्रू त्यामुळेंच खराब होतात.

गोटी पान्याचा आजचा सुटा संच १९२० च्या सुमारास रूढ होऊं लागला. त्यापूर्वीं गोटी आणि दांडी बहुधा अखंड असत. त्या वर्षीं अमेरिकेंत जोसेफ जॉन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यानें पांच दांड्या आणि दहा गोट्या अशी सुटी जुळणी विकण्यास आरंभ केला. गंमत अशी कीं, गोटी मिलिमीटरची असली तरी दांडीचा चौकोन पाव, तीन अष्टमांश किंवा अर्धा इंचच म्हणून ओळखला जातो. जित झालेला इंच तेवढ्या एका कोपऱ्यांत तग धरून राहिला आहे.

या इतिहासावरून घरच्या पेटीविषयीं कांहीं व्यवहारी गोष्टी निघतात. गाडीचें कूळ आधीं ओळखावें. तें कळलें कीं निम्मी निवड झाली. जपानी घडणीच्या दुचाकीस ८, १०, १२, १४, १७ आणि १९ या गोट्या बहुतेक पुरतात. यूरोपीय घडणीस १३ अवश्य हवी. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेव्हां जुन्या अँबॅसिडरच्या नटावर तेराची गोटी बसते, पण ती सैल बसते, आणि सैल बसणें हें न बसण्याहून वाईट. बारा कोपऱ्यांची गोटी अडचणींत सहज बसते खरी, परंतु गंजलेल्या नटावर सहा कोपऱ्यांचीच घ्यावी. तिचा जोर नटाच्या कोपऱ्यांवर न येतां बाजूंवर येतो. चिरेच्या स्क्रूस पातें चिरेची लांबी आणि रुंदी भरून काढील असें निवडावें. फुलीच्या स्क्रूस योग्य क्रमांकाचें टोक घ्यावें, आणि जपानी स्क्रूस जपानी प्रमाणाचें. चाळीस सुमार नगांच्या चकचकीत संचापेक्षां दहा अचूक नग स्वस्त पडतात.

आतां मेट्रिक आटे जवळजवळ सर्वत्र झाले असले, तरी कलह मिटलेला नाहीं; तो आट्यांतून डोक्यावर चढला आहे. घरच्या हत्यारानें उघडूंच नये अशा हेतूनें घडविलेले स्क्रू आज अनेक वस्तूंवर दिसतात. व्हिट्वर्थनें पुष्कळांचीं मापें जमवून एक माप केलें, कारण यंत्र कोणाही कारागिराच्या हातीं उघडतां यावें. मालकास आपलीच वस्तु उघडतां येऊं नये म्हणून नवें माप काढणें हा त्याच्या उलट दिशेचा प्रवास होय. वस्तु विकत घेतांना ती कोणत्या पान्यानें उघडते, हें विचारण्याची संवय गृहस्थांनीं आणि गृहिणींनीं लावून घेतली, तर कारखानदारांसही त्याचें उत्तर देणें भाग पडेल.