नाव बदला, मग दाखवा!

१९३० साल. मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला होता. कोल्हापुरात जेमतेम वर्षापूर्वी सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने शिवाजी महाराजांवर एक मूकपट तयार केला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि महाराजांच्या भूमिकेतही तेच. चित्रपटाचे नाव ‘स्वराज्याचे तोरण’. मराठी माणसाला यातली गंमत सांगायला नको. तोरणा किल्ला, स्वराज्याची सुरुवात आणि दाराला बांधायचे तोरण, सगळे एका नावात आले. मुंबईच्या सेन्सॉर बोर्डाला मात्र त्यातला एकच शब्द दिसला, ‘स्वराज्य’! तो शब्द नको, आणि शेवटचे निशाण फडकवण्याचे दृश्यही आहे तसे नको, असे सांगण्यात आले. नवीन कंपनी, पैसा अडकलेला. करणार काय? दृश्य सौम्य झाले आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लोकांपुढे आला.

आता विचार करा, उदय कुणाचा? हे प्रेक्षकांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ही सेन्सॉरशिप आली कुठून? १९१८ साली इंग्रज सरकारने सिनेमॅटोग्राफ कायदा केला. परवानगीच्या दाखल्याशिवाय चित्रपट दाखवायचा नाही, असा नियम झाला आणि १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे बोर्डे बसली. मुंबईच्या बोर्डाचे अध्यक्षपद पोलीस आयुक्तांकडे असे. म्हणजे निर्मात्याने आपली कलाकृती नेऊन दाखवायची ती शहराच्या कायदा-सुव्यवस्थेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला! चित्रपट चांगला की वाईट, हा तिथे प्रश्नच नव्हता. थिएटरातून बाहेर पडणारी गर्दी घरी जाईल की मोर्चात सामील होईल, एवढेच बघितले जाई.

या व्यवस्थेचा पहिला मोठा तडाखा बसला तो १९२१ सालच्या ‘भक्त विदुर’ला. कोहिनूर फिल्म कंपनीचा हा मूकपट. कथा महाभारतातली, त्यामुळे वरवर पाहता धोका काहीच नाही. पण विदुराची भूमिका करणारे कंपनीचे मालक द्वारकादास संपत पडद्यावर आले ते खादी आणि गांधी टोपी घालून. हस्तिनापुरात गांधी टोपी! असहकाराच्या चळवळीचे ते दिवस. लोकांनी विदुराला लगेच ओळखले. ओळखले अधिकाऱ्यांनीही. मद्रास प्रांतात आणि सिंधमध्ये चित्रपटावर बंदी आली. प्रत्येक प्रांताला आपापल्या हद्दीत बंदी घालण्याची मुभा असल्यामुळे एका ठिकाणी मिळालेला दाखला दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडेलच, याची खात्री नसे.

पुराण आणि इतिहास यांच्या आडोशाने बोलण्याची ही रीत मग पुढे पक्की झाली. सरळ आजचे बोलणाऱ्याची गत कठीण होती. भालजी पेंढारकरांनी १९२६ साली ‘वंदे मातरम् आश्रम’मध्ये इंग्रजी शिक्षणपद्धतीवर टीका केली, तर त्यांनाही कात्री आणि बंदीला तोंड द्यावे लागले. गांधीजींच्या दांडीयात्रेची चित्रणेसुद्धा दडपली गेली. प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट पडद्यावर मात्र घडलेली नव्हती!

माझ्या मते या सगळ्यात बोलके उदाहरण आहे ते १९३५ सालचे. प्रभात तोवर पुण्याला आली होती. एकनाथांच्या जीवनावरचा चित्रपट, नाथांच्या भूमिकेत खुद्द बालगंधर्व. नाव ठेवले ‘महात्मा’. हे नाव चालणार नाही असे सांगितले गेले आणि ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला. इथपर्यंतची गोष्ट ‘उदयकाल’सारखीच. पण आक्षेप केवळ नावावर थांबले नाहीत. नाथ अस्पृश्यांना जवळ करतात, त्यांच्या घरी जेवतात, या चित्रणावरूनही अडचणी उभ्या राहिल्या. नाथांची ही कथा तर महाराष्ट्रात कीर्तनांतून कितीतरी पिढ्या ऐकत आलेल्या. मग पडद्यावर येताच ती धोक्याची कशी झाली? कारण त्या वेळी अस्पृश्यतेचा प्रश्न पुराणातला राहिला नव्हता, तो रस्त्यावर आणि देवळांच्या दारात आला होता. परक्या सरकारला आपल्याकडच्या सनातन्यांच्या दुखावलेल्या भावनांचा आधार फार सोयीचा वाटे. राज्यकर्त्यांची भीती आणि समाजातल्या वरच्यांची भीती अशी एकाच कात्रीची दोन पाती झाली, हे आपण इंग्रजांना नावे ठेवताना विसरतो.

१९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा कात्री थोडी बोथट झाली. १९३९मध्ये ती पायउतार होताच पुन्हा धार चढली. तमिळमधला ‘त्यागभूमी’ १९३९ साली प्रदर्शित झाला, चालला आणि १९४० साली बंद पाडला गेला.

युद्धकाळात तर बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’ने कमालच केली. १९४३ साल, ‘छोडो भारत’चे पुढारी तुरुंगात. कवी प्रदीप यांनी परक्यांना हिंदुस्थानातून हाकलून देणारे गीत लिहिले आणि त्यात नावे घातली जर्मनीची व जपानची. दोघेही इंग्रजांचे शत्रू! सेन्सॉरने आक्षेप घ्यायचा तरी कशावर? गाणे मंजूर झाले. थिएटरातल्या लोकांना तिसरे नाव घालायला कुणी सांगितले नाही; ते त्यांनी आपले आपण घातले. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

अशा युक्त्यांचे आपण कौतुक करतो, आणि ते करावेच. पण त्यांची किंमतही होती. आडोशाने बोलायची सवय लागली, की लिहिणारा आधी स्वतःच कात्री हातात घेतो. कुठले प्रसंग कागदावरच उतरले नाहीत, याची नोंद कुठल्याही बोर्डाच्या दप्तरात सापडत नाही. पुढे इंग्रज गेले. १९५२ साली आपण आपला स्वतंत्र सिनेमॅटोग्राफ कायदा केला. त्यातही प्रदर्शनापूर्वी दाखला घेण्याची अट तशीच राहिली, आणि ख्वाजा अहमद अब्बास तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९७० साली न्यायालयाने ती वैध ठरवली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)