सोळा वर्षं उशिरा लागलेलं नाटक

इयन कर्टिसला बीबीसीने फॉकलंडच्या युद्धावर नाटक लिहायला सांगितलं ते १९८३ साली. युद्ध संपून वर्षही उलटलं नव्हतं. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने बेटांवर सैन्य उतरवलं, १४ जूनला शरणागती पत्करली. मधल्या काळात ६४९ अर्जेंटिनी आणि २५५ ब्रिटिश सैनिक गेले, शिवाय बेटांवरच्या तीन बायका. कर्टिसने चर्चिलवर आणि सुएझवर आधीच नाटकं लिहिलेली होती, त्यामुळे माणूस अनुभवी. पण ते नेते मेलेले किंवा निवृत्त झालेले होते. या नाटकातल्या नायिकेचा मुक्काम अजून डाउनिंग स्ट्रीटवरच होता.

त्यात बीबीसी आणि थॅचरबाई यांचं युद्धातच बिनसलेलं. 'न्यूजनाइट'वर पीटर स्नोने 'आपलं सैन्य' न म्हणता 'ब्रिटिश' म्हटलं, एवढ्यावरून हुजूर पक्षाचे खासदार खवळले होते. पुढे १९८३च्या निवडणुकीत बीबीसीच्याच कार्यक्रमात एका शिक्षिकेने पंतप्रधानांना थेट पकडलं: 'बेल्ग्रानो' युद्धनौका दूर जात असताना ती बुडवली का? (त्या नौकेवरची ३२३ माणसं मेली.) बाईंना उत्तर देताना घाम फुटला.

१९८६मध्ये बीबीसीने नाटक थांबवलं. सांगितलेलं कारण असं, की निवडणूक जवळ आलीय. कर्टिसचं म्हणणं वेगळं. त्याच्या सांगण्याप्रमाणे नाट्यविभागाच्या प्रमुखाला थॅचरचं खाजगीतलं हळवं रूप खटकलं, आणि निवडणुकीवर डोळा ठेवून मंत्री युद्धाची गणितं मांडतायत असे संवाद त्याला हवे होते. असं घडल्याचा पुरावा नाही, तेव्हा मी लिहिणार नाही, असं कर्टिसचं उत्तर. बीबीसीने पक्षपाताचा आरोप फेटाळला.

मला दोघांचीही बाजू पुरती पटत नाही. पुरावा नसताना हयात मंत्र्यांच्या तोंडी स्वार्थी वाक्यं घालायची नाहीत, हा कर्टिसचा हट्ट योग्यच होता. पण पुरावा होता कुठे? मंत्रिमंडळाची कागदपत्रं तेव्हा बंद होती. १९८२च्या फायली तीस वर्षांनी, २०१२च्या अखेरीस उघडल्या. म्हणजे तेव्हा तो लिहीत होता ते उघड नोंदींवर आणि भेटलेल्या माणसांच्या सांगण्यावर. सत्तेतली माणसं सांगतात तेव्हा स्वतःबद्दल बरंच सांगतात. अशा साधनांतून उभी राहिलेली थॅचर खंबीर आणि संवेदनशील दिसली, यात नवल नाही.

आणि निवडणुकीचं कारणही लंगडंच. फार तर नाटक पुढे ढकलायचं. निवडणूक जून १९८७मध्ये होऊन गेली, तरी नाटक आलं नाही. १९८८मध्ये मात्र बीबीसीनेच 'टम्बलडाउन' दाखवलं. त्यात डोक्यात गोळी लागलेला तरुण अधिकारी कॉलिन फर्थने केला, आणि घरी परतल्यावर त्याची झालेली उपेक्षा त्यात होती. ते चांगलंच होतं. पण जखमी सैनिकाचं युद्ध दाखवायचं आणि निर्णय घेणाऱ्यांचं कपाटात ठेवायचं, यावर कर्टिस चिडला तर त्यात त्याचं काय चुकलं?

नाटक पुस्तकरूपाने १९८७मध्येच निघालं होतं. पडद्यावर आलं ते एप्रिल २००२मध्ये, युद्धाला वीस वर्षं झाली तेव्हा: नव्यानेच सुरू झालेल्या बीबीसी फोर या छोट्या वाहिनीवर, कापून आखूड केलेलं. पॅट्रिशिया हॉज थॅचर झाली होती. खुद्द बाईंनी त्याच्या काही दिवस आधी, मार्चमध्येच, तब्येतीमुळे जाहीर भाषणं बंद केली होती.