पिसूभुंगेऱ्यांची नावे : तरंगमबाडी ते चेन्नई

पिसूभुंगेरे हे क्रायसोमेलिडी या पर्णभुंगेऱ्यांच्या कुलातील लहान कीटक होत. बहुतेकांची लांबी २ ते ५ मिलिमीटर असते. मुळा, मोहरी, कोबी यांच्या कोवळ्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके दिसतात, ती त्यांचीच खूण. पानावर बसलेला काळा किंवा निळसर चकचकीत ठिपका बोट जवळ नेताच नाहीसा होतो. त्याने पंख उघडलेले नसतात, उडी मारलेली असते. या उडीचे साधन मागच्या पायांच्या फुगीर मांड्यांमध्ये असते. मांडी उकलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर आत कठीण झालेल्या कायटिनचा वळणदार तुकडा दिसतो. स्नायूंचा ताण या स्प्रिंगेत साठतो आणि एकदम मोकळा होतो. जगात पिसूभुंगेऱ्यांच्या सुमारे ८,००० जाती आणि पाचशेहून अधिक प्रजाती नोंदलेल्या आहेत.

प्राणिशास्त्राच्या मराठी परिभाषेत जवळच्या जातींच्या गटाला प्रजाती म्हणतात. प्रत्येक प्राण्याच्या शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. नव्या अभ्यासात जात दुसऱ्या प्रजातीत गेली की पहिला शब्द बदलतो, दुसरा सहसा टिकतो, आणि मूळ नाव देणाऱ्याचे आडनाव कंसात जाते. अंबाड्याच्या झाडाची पाने फस्त करणारा, पाठीवर चौदा काळे ठिपके असलेला मोठा पिसूभुंगेरा हे त्याचे चांगले उदाहरण. नामकरणाची ही पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७६७ मध्ये त्याला क्रायसोमेला या प्रजातीत घातले होते. कीटकशास्त्रज्ञ डालमनने १८२४ मध्ये पोडोन्शिया ही प्रजाती स्थापली आणि आज तो पोडोन्शिया क्वाटुओर्डेसिमपंक्टाटा म्हणून ओळखला जातो. नावापुढे लिनियसचे आडनाव व वर्ष कंसात लिहिले जाते. तो कंस पाहताच जाणकाराला कळते, की या जातीचे घर एकदा तरी बदललेले आहे.

प्राण्यांच्या नावांचा अधिकृत आरंभ लिनियसच्या १७५८ मधील ग्रंथापासून मानतात. त्याने पिसूभुंगेऱ्यांना वेगळी प्रजाती दिली नव्हती. मागच्या मांड्या जाड असलेल्या, उड्या मारणाऱ्या क्रायसोमेला असा त्यांचा पोटगट केला होता. फ्रान्सच्या झॉफ्र्वाने १७६२ मध्ये आल्टिका ही प्रजाती वेगळी काढली. हा शब्द ‘उडी मारण्यात पटाईत’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मूळ ग्रीक उच्चारात आरंभी ‘ह’ असल्यामुळे पुढे जर्मनीच्या इलिगरने हाल्टिका असे शुद्धलेखन केले आणि ते शंभर वर्षांहून अधिक काळ चालले. जुन्या ग्रंथांत या गटाला हाल्टिसिनी आणि नव्या ग्रंथांत आल्टिसिनी म्हटलेले आढळते, ते यामुळेच. वाद एका अक्षरावर थांबला नाही. झॉफ्र्वाच्या ग्रंथात जातींना दोन शब्दांची नावे सातत्याने दिलेली नव्हती, म्हणून आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने १९५४ मध्ये तो नामकरणासाठी अग्राह्य ठरवला. १९९४ मध्ये आयोगाने त्यातील काही प्रचलित प्रजातिनामांना संरक्षण दिले आणि आल्टिकाचे श्रेय पुन्हा झॉफ्र्वाकडे आले. नाव देणाऱ्याच्या व्याकरणापेक्षा नावाच्या स्थैर्याला महत्त्व देण्याचे तत्त्व या निर्णयामागे आहे.

दक्षिण भारतातील कीटक या व्यवस्थेत प्रथम आले ते तरंगमबाडीहून. ही डॅनिश वसाहत युरोपीय लोकांत ट्रांकेबार म्हणून ओळखली जाई. लिनियसचा शिष्य योहान गेरहार्ड क्योनिग १७६८ च्या सुमारास तेथे वैद्य म्हणून आला, तेव्हा तंजावरच्या गादीवर तुळजाजी भोसले होते. क्योनिगने पुढे अर्काटच्या नबाबाची आणि १७७८ पासून मद्रासमध्ये ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी केली. १७८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो वनस्पती आणि कीटक गोळा करून युरोपला पाठवत राहिला. लिनियसचाच दुसरा शिष्य योहान क्रिस्टियान फाब्रिसियस याने त्या कीटकांची वर्णने केली. तेव्हापासून एक रीत पडली : कीटक कोरोमंडल किनाऱ्यावर सापडायचा, त्याला नाव युरोपात मिळायचे आणि ज्या नमुन्यावरून नाव दिले तो तिकडेच राहायचा.

या नमुन्याला प्ररूप म्हणतात. वर्णन कितीही अपुरे असले तरी नावाचा अर्थ प्ररूपावरून ठरतो. एकोणिसाव्या शतकातील वर्णने बहुधा काही ओळींची असत आणि त्यांत रंग व आकार यांवर भर असे. पिसूभुंगेऱ्यांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. पुढच्या पायांच्या खुब्यांच्या खोबणी मागून बंद आहेत की उघड्या, छातीवरच्या ढालीवर आडवी खाच आहे का, पंखांच्या कवचांवरचे खळगे ओळीत आहेत की विखुरलेले, अशा गोष्टी पाहाव्या लागतात. सिलिओडीस प्रजातीच्या शृंगिकेत अकराऐवजी दहा खंड असतात. किटोक्नेमाच्या मधल्या व मागच्या नडग्यांवर टोकाजवळ खाच आणि दात असतो. लाँजिटार्ससच्या मागच्या पावलाचा पहिला खंड विलक्षण लांब असतो. हे तपासायला नमुना भिंगाखाली हवा, आणि मद्रास इलाख्यातील प्ररूपे हजारो मैलांवर होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नावे देण्याचे काम प्रामुख्याने तिघांनी केले. रशियन सैन्याधिकारी व्हिक्टर मोचुल्स्की याने भारत आणि श्रीलंकेतील अनेक भुंगेऱ्यांना नावे दिली. जोसेफ बॅली हे इंग्लंडमधील वॉरिकचे डॉक्टर होते. मार्टिन जॅकोबी हे हॅम्बुर्गजवळ जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले व्यावसायिक व्हायोलिनवादक होते. भारतातून त्यांच्याकडे कीटकांच्या पेट्या येत. निलगिरीत एच. एल. अँड्र्यूज आणि कारवारच्या रानांत वनाधिकारी टी. आर. डी. बेल यांनी गोळा केलेल्या पर्णभुंगेऱ्यांवर जॅकोबी यांनी १९०३ मध्ये लेख लिहिला. त्यांनी दिलेल्या नावांत येथील गावे अजून दिसतात. भेंडीवरच्या पिसूभुंगेऱ्याचे जातिनाम मदुरेन्सिस आहे. मूग-चवळीवरच्या, उडी न मारणाऱ्या एका पर्णभुंगेऱ्याची तर प्रजातीच मदुरासिया आहे. मदुरेचे मदुराई झाले, मद्रासचे चेन्नई झाले, पण टाचणीखालच्या चिठ्ठ्या आणि नियमाने दिलेली नावे बदलली जात नाहीत.

विखुरलेली माहिती प्रथम एकत्र आणली ती समरेंद्र मौलिक या बंगाली कीटकशास्त्रज्ञाने. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील पर्णभुंगेऱ्यांचा पहिला खंड जॅकोबी यांच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये निघाला, पण त्यात पिसूभुंगेरे आले नव्हते. ते काम मौलिक यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून केले आणि त्यांचा खंड १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्ररूपे त्यांच्या हाताशी होती, त्यामुळे प्रजाती ओळखण्याच्या तालिका त्यांना नमुन्यांवरून रचता आल्या. त्यांनी काही नव्या प्रजाती स्थापल्या. एकीला लंका हे नाव दिले, दुसरीला पूर्वसूरींच्या स्मरणार्थ जॅकोबियाना. तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, त्यांनी मांडीतील स्प्रिंगेच्या रचनेवर निबंध लिहिला. त्या अवयवाला आजही मौलिकचा अवयव म्हणतात. एका भारतीय वर्गीकरणतज्ज्ञाचे नाव अशा रीतीने या गटाच्या प्रत्येक प्राण्याच्या मागच्या मांडीत कोरले गेले आहे.

मद्रासमध्ये याच काळात पिकांवरील किडींचा अभ्यास आकार घेत होता. शहराच्या सैदापेट भागात १८६८ मध्ये सुरू झालेली कृषिशाळा १९०६ मध्ये कोइमतूरला हलवण्यात आली. टी. बेनब्रिज फ्लेचर यांचा दक्षिण भारतातील कीटकांवरील ग्रंथ १९१४ मध्ये मद्रासच्या सरकारी छापखान्यातून निघाला. टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांचा आर्थिक कीटकशास्त्रावरील मार्गदर्शक ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. शेतातल्या किडीला या कीटकशास्त्रज्ञांना काहीतरी नाव द्यावेच लागे, आणि ते नाव लंडनहून आलेल्या ग्रंथांवर अवलंबून असे. ग्रंथात चूक असली की ती सगळ्या शेतीसाहित्यात पसरे.

मिरीवरचा पोल्लू भुंगेरा हे त्याचे ठळक उदाहरण. मलबार तेव्हा मद्रास इलाख्यात होता आणि मिरी हे त्याचे नगदी पीक. मल्याळममध्ये पोल्लू म्हणजे पोचट दाणा. या पिसूभुंगेऱ्याची अळी कोवळ्या मिरीत शिरून आतला गर खाते. दाणा काळा पडतो आणि बोटांत दाबला की फुटतो. कित्येक दशके या किडीचे नाव लाँजिटार्सस नायग्रिपेनिस असेच लिहिले जात होते. एकविसाव्या शतकात कीटकशास्त्रज्ञ के. डी. प्रतापन आणि सी. ए. विरक्तमठ यांनी नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा ही जात त्या नावाची नाहीच, किंबहुना लाँजिटार्सस प्रजातीतलीही नाही, असे दिसून आले. ती मौलिक यांच्या लंका प्रजातीतली, तोवर शास्त्राला अज्ञात असलेली जात होती. तिला लंका रामकृष्णाई हे नाव मिळाले. जिच्यावर इतकी वर्षे फवारण्या झाल्या, त्या किडीला स्वतःचे नावच नव्हते.

बोलीतले नावही अशीच फसगत करू शकते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत छाटणीनंतर फुगलेले डोळे कुरतडणाऱ्या किडीला बागायतदार उडद्या म्हणतात आणि इंग्रजी पुस्तके द्राक्षावरचा पिसूभुंगेरा म्हणतात. शास्त्रीय दृष्टीने तो स्केलोडोंटा स्ट्रायजिकोलिस, म्हणजे युमोल्पिनी या वेगळ्या उपकुलातला. पिसूभुंगेऱ्यांच्या मांडीतली स्प्रिंग त्याच्याकडे नाही. एखाद्या किडीचे जीवनचक्र किंवा तिचे नैसर्गिक शत्रू तिच्या जवळच्या नातलगांवरून शोधायचे असतात. नातेच चुकीचे धरले, तर शोधही चुकीच्या दिशेने जातो.

मौलिक यांच्यानंतरचा मोठा आढावा म्युनिकजवळील टुट्झिंगच्या फ्राय संग्रहालयातील गेरहार्ड शेरर यांचा. तो १९६९ मध्ये जर्मन भाषेत, हवाईतील एका ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मद्रास राज्याचे नाव तमिळनाडू झाले. दक्षिण भारतातील कीटक या काळात जगभरच्या संग्रहालयांत पोचवण्याचे मोठे काम पी. सुसै नाथन या संग्राहकाने केले. तरंगमबाडीपासून जवळच, कारैकालच्या परिसरात आणि पुढे कोइमतूर व आनैमलईच्या डोंगरांत त्यांनी गोळा केलेल्या कीटकांवरून अनेक नव्या जाती वर्णिल्या गेल्या. त्यांपैकी कित्येकांचे जातिनाम नाथनी आहे. मद्रासमध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे दक्षिण विभागीय केंद्र १९६१ मध्ये, तर लोयोला महाविद्यालयात टी. एन. अनंतकृष्णन यांची कीटक संशोधन संस्था १९६३ मध्ये उभी राहिली. शहराला स्वतःची संशोधनपरंपरा मिळाली. तरी पिसूभुंगेऱ्यांची जुनी प्ररूपे परदेशातच होती.

प्रजातींची मोठी फेरतपासणी २००० नंतर झाली. तिरुवनंतपुरमजवळ वेल्लायणी येथील कृषी महाविद्यालयाचे प्रतापन आणि वॉशिंग्टनचे अलेक्झांडर कॉन्स्टंटिनोव्ह यांनी भारतातील ताजे नमुने आणि युरोपातील प्ररूपे शेजारी ठेवून पाहिली. एकाच प्रजातीला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी नावे पडल्याचे अनेकदा आढळले. अशा वेळी सर्वांत जुने ग्राह्य नाव राहते आणि बाकीची समानार्थी नावे ठरतात. पौर्वात्य प्रदेशातील अशा प्रजातिनामांवरचा त्यांचा लेख २००८ मध्ये आला. या कामात बाह्य लक्षणांबरोबर नर-मादीच्या जननेंद्रियांची रचना, अळ्या आणि खाद्यवनस्पती यांचाही आधार घेतला जातो. डोंगरमाथ्यावरच्या शेवाळात राहणारे एक-दोन मिलिमीटरचे पिसूभुंगेरेही अशा शोधांत उजेडात आले. ज्यांना कुणी पाने सोडून इतरत्र शोधलेच नव्हते, ते शेवाळ चाळल्यावर सापडले.

गटाची पायरीही बदलली. मौलिक आणि शेरर यांनी ज्याला उपकुल मानले, तो आता बहुतेक अभ्यासक गॅलेरुसिनी उपकुलातील आल्टिसिनी ही जमात मानतात. स्प्रिंग असलेले आणि नसलेले भुंगेरे पूर्वी दोन दालनांत ठेवलेले होते. पण काही प्रजाती नेमक्या सीमेवर येतात, आणि डीएनएच्या तुलनेतून दोन्ही गटांचे नाते अधिक गुंतागुंतीचे असल्याचे दिसते. उडी हे एकच लक्षण वर्गीकरणाला पुरत नाही.

आज या इतिहासात चेन्नईचे स्थान कायद्यामुळे आहे. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि त्याखालील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण २००३ मध्ये चेन्नईत स्थापन झाले. कायद्याच्या ३९व्या कलमानुसार भारतात सापडलेल्या नव्या जातीचा नमुना नियुक्त भांडारात जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी असे प्रमुख भांडार म्हणजे कोलकात्याचे भारतीय प्राणिसर्वेक्षण. क्योनिगच्या पेट्यांपासून चाललेली रीत येथे उलटली. दुसरीकडे, जैवसंपत्तीच्या रक्षणाच्या अशा नियमांमुळे देशोदेशीच्या नमुन्यांची देवाणघेवाण अवघड होते, असे मत प्रतापन आणि सहलेखकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. दोन्ही बाजूंना पिसूभुंगेऱ्यांच्या इतिहासाचा आधार आहे. नमुने बाहेर गेल्यामुळे येथील अभ्यासक दीडशे वर्षे दुसऱ्यांच्या वर्णनांवर विसंबून राहिले. तर पोल्लू भुंगेऱ्याला त्याचे खरे नाव मिळाले ते नमुने समोर ठेवून तपासता आले म्हणूनच. प्ररूप लंडनमध्ये असो वा कोलकात्यात, ते जपलेले असणे आणि अभ्यासकाच्या भिंगाखाली येऊ शकणे, या दोन गोष्टींवर प्रत्येक नावाचा खरेपणा उभा असतो.