रजोनिवृत्तीनंतरचे संप्रेरक उपचार

पाळी कायमची थांबल्यावर बीजकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनचे प्रमाण घटते. ती उणीव गोळी, जेल किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी यांतून भरून काढण्याची ही पद्धत. अंगातून अचानक निघणाऱ्या गरम वाफा आणि रात्री दरदरून सुटणारा घाम यांवर तिच्याइतका गुणकारी दुसरा उपाय नाही. हाडे ठिसूळ होण्यालाही ती आळा घालते.

अमेरिकेत १९४२ मध्ये ‘प्रेमारिन’ या औषधाला परवानगी मिळाली, त्यातले इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेले असते. १९६६ मध्ये डॉ. रॉबर्ट विल्सन यांच्या ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या पुस्तकाने स्त्रियांना चिरतारुण्याची आशा लावली. १९७५ मध्ये मात्र एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढत असल्याचे दिसून आले. म्हणून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टोजेन हे दुसरे संप्रेरक देऊ लागले.

या उपचारांनी हृदयाचेही रक्षण होते, असा समज पुढे रुजला. तो पारखून पाहिला ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी प्रकल्पाने. ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांवरील, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन यांच्या जोडउपचाराची चाचणी जुलै २००२ मध्ये, मुदतीआधीच थांबवावी लागली. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढल्याच्या बातमीने जगभर घबराट पसरली आणि असंख्य स्त्रियांनी औषध सोडले.

त्या टक्केवारीमागची संख्या फारशी कुणी सांगितली नाही. दहा हजार स्त्रियांनी वर्षभर औषध घेतले, तर स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि फुप्फुसातील गुठळी यांचे प्रत्येकी ८, तर हृदयविकाराचे ७ रुग्ण वाढत होते. उलट मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ आणि खुब्याच्या अस्थिभंगाचे ५ रुग्ण कमी होत होते.

शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा लाभ अधिक, असे आता मानले जाते. पट्टीतून दिलेल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. जोडउपचार जितकी वर्षे चालतील, तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हा कर्करोग, रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला असल्यास, तसेच यकृताचा गंभीर विकार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असल्यास हे उपचार सहसा टाळतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधांवरील हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाबाबतचा ठळक चौकटीतला इशारा काढण्याचे जाहीर केले. एकट्या इस्ट्रोजेनवरचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा इशारा मात्र तसाच ठेवला.