कडू शब्द आणि राजद्रोह

सत्तेला कडू लागणारा शब्द आणि समाजात आग पेटविणारा शब्द एकच, असे मानण्याचा मोह प्रत्येक राजवटीला होतो. या दोहोंमधील सीमारेषा हिंदुस्थानात कशी आखली गेली, हे लोकमान्य टिळकांवरील तीन खटल्यांवरून स्पष्ट दिसते.

१८९७ च्या जून महिन्यात पुण्याच्या शिवोत्सवात अफझलखानाचा वध न्याय्य होता काय, याची चर्चा झाली. निःस्वार्थ बुद्धीने केलेल्या कृत्याचा दोष कर्त्यास लागत नाही, असे टिळकांनी गीतेच्या आधारे प्रतिपादिले. तो वृत्तान्त १५ जूनच्या ‘केसरी’त आला, २२ जूनच्या रात्री प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. टिळकांवर आरोप मात्र हत्येचा नव्हे, राजद्रोहाचा होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला समजावून दिला. सरकारविषयी प्रेम नसणे हाच जणू गुन्हा ठरला! सहा युरोपीय ज्यूरर प्रतिकूल, तीन हिंदी ज्यूरर अनुकूल. शिक्षा अठरा महिन्यांची.

१९०८ साली मुजफ्फरपूर येथील बाँबने दोन निरपराध स्त्रियांचा बळी घेतला. बाँबचा मार्ग टिळकांना मान्य नव्हता. परंतु सरकारच्या दडपशाहीतूनच तो निपजला, असे ‘केसरी’ने लिहिले. कारणमीमांसा म्हणजे समर्थन नव्हे, हा टिळकांच्या बचावाचा गाभा होता. मूळ मराठी लेखांचा अर्थ सरकारी भाषांतरात बिघडला, हाही त्यांचा आक्षेप होता. सात विरुद्ध दोन अशा मताने ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले, आणि सहा वर्षांच्या शिक्षेसाठी त्यांची रवानगी मंडालेस झाली.

तिसऱ्या खटल्याचे बीज बेळगावात पडले. एप्रिल १९१६ मध्ये तेथे होमरूल लीग स्थापन झाली, आणि १ मे रोजी टिळकांचे व्याख्यान झाले. बादशहा वेगळा आणि राज्य चालविणारी नोकरशाही वेगळी, असे सांगून त्यांनी नोकरशाहीवर कोरडे ओढले. हे व्याख्यान आणि अहमदनगरची दोन व्याख्याने यांवरून मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. मुंबई हायकोर्टात बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली. सुटी वाक्ये तोडून न घेता संपूर्ण व्याख्यानाचा एकंदर परिणाम पाहिला पाहिजे, अशी भूमिका घेऊन न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला.

तथापि स्वराज्य आल्याने प्रश्न मिटला नाही. बिहारमधील केदारनाथ सिंग यांनी १९५३ साली एका सभेत गुप्त पोलिसांना कुत्रे आणि काँग्रेसवाल्यांना गुंड म्हटले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की सरकारवरील कठोर टीका हा राजद्रोह नव्हे. हिंसेस चिथावणी देण्याचा किंवा सार्वजनिक शांतता बिघडविण्याचा रोख असेल, तरच तो गुन्हा. तरीही केदारनाथांचे अपील फेटाळले गेले. तत्त्व उदार, परंतु ते मांडणाऱ्या निकालातील आरोपी तुरुंगासच पात्र ठरला!

जुन्या दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. परंतु शब्द गेल्याने वृत्ती जात नाही. असभ्य बोलणे निंद्य खरे, आणि रक्तपाताची चिथावणी दंडनीयही खरी. मात्र अप्रिय कारण सांगणाऱ्याला चिथावणीखोर ठरविले, तर मूळ दुखणे तसेच राहते, आणि ते सांगणारा तेवढा गजाआड जातो.