तुफाहिया : एका सफरचंदाची गोष्ट

अरबीच्या पहिल्या पुस्तकात मुलांना 'तुफ्फाह' हा शब्द भेटतो. तुफ्फाह म्हणजे सफरचंद. उर्दूत आपण त्याला 'सेब' म्हणतो. पण हाच अरबी शब्द युरोपातल्या बोस्नियात एका गोड पदार्थाच्या नावात आजही नांदतो आहे, हे आम्हांला बरेच उशिरा कळले. त्या पदार्थाचे नाव तुफाहिया. सोललेले सफरचंद आतून पोखरून साखरेच्या पाकात शिजवायचे, त्याच्या पोटात अक्रोडाचे सारण भरायचे आणि वर साय घालून थंडगार वाढायचे. गेल्या रमजानमध्ये इफ्तारसाठी आम्ही अंधेरीच्या घरी तो करून पाहिला.

पहिला प्रयत्न फसला. लाल, पिठूळ सफरचंदे घेतली होती, ती पाकात पडताच विरघळली. दुसऱ्या खेपेस हातगाडीवरून घट्ट, आंबटसर हिरवी सफरचंदे निवडून आणली. सहा सफरचंदांना एक लिटर पाणी, अर्धा किलो साखर आणि एका लिंबाचा रस. बी काढताना खालचा बुंधा फुटू द्यायचा नाही, नाहीतर सारण गळते. सोललेले फळ काळे पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकायचे. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे, मऊ होताच पण फुटण्याआधी बाहेर. अक्रोड जाडसर कुटून त्यात थोडी साखर, चमचाभर दूध आणि चिमूटभर दालचिनी मिसळायची. उरलेला पाक आटवून वर ओतायचा.

आमच्या इमारतीत अजून दोन्ही समाजांची बिऱ्हाडे आहेत. रिवाजाप्रमाणे शेजारी वाटी गेली. शेजारच्या काकूंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर सफरचंदाचा मुरांबाच की!"

काकूंच्या या एका शब्दाने आम्हांला इतिहासाच्या पुस्तकांकडे वळवले. मुरांबा आणि मोरावळा हे दोन्ही शब्द अरबी 'मुरब्बा'शी नाते सांगतात. गुलकंद फारसीतून आला, जर्दाळूही फारसीतूनच, 'जर्द आलू' म्हणजे पिवळे आलू. महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात हे शब्द परके वाटत नाहीत.

तुफाहियाचे नावही असेच जुने आहे. इ. स. १२२६ मध्ये बगदादच्या मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी 'किताब अल-तबीख' हा पाकग्रंथ लिहिला. त्यात 'तुफ्फाहिया' आहे, पण ते आंबट सफरचंदाच्या रसात शिजवलेले गोश्त आहे, मिठाई नव्हे. पुढे १४६३ मध्ये उस्मानी सुलतान दुसरा मेहमद याने बोस्निया जिंकला आणि तिथल्या स्लाव्ह बोलीत तुर्कीच्या वाटेने अरबी-फारसी शब्द शिरले. साराजेव्होत गाझी हुस्रेव बेग याने १५३१ च्या सुमारास मशीद आणि १५३७ मध्ये मदरसा उभारला. त्याच्या वक्फमधून गरिबांसाठी, मुसाफिरांसाठी भटारखानाही चाले. सफरचंद आणि अक्रोड त्या थंड, डोंगराळ मुलखातलेच. फळ घरचे, नाव अरबी.

बोस्नियाच्या दस्तरखानावरचे इतर शब्द ऐकले तर उर्दू जाणणारा चकित होईल. हलवा तिथे 'हल्वा'च आहे, बदाम 'बादेम' आहे. सुक्या फळांच्या गोड रसाला 'होशाफ' म्हणतात, तो फारसीतला 'खुशआब'. पाकात भिजवलेल्या, खजुराच्या आकाराच्या मिठाईला 'हुर्माशित्से' म्हणतात. त्यातला 'हुर्मा' म्हणजे आपल्या शीरखुर्म्यातला खुर्मा.

फळाच्या पोटात मेवा भरण्याची रीतही एका मुलखाची नाही. बाबराने आपल्या आत्मचरित्रात फरगण्यातल्या मर्गिलान गावी जर्दाळूची बी काढून आत बदाम भरतात, असे लिहिले आहे. तिकडचा जर्दाळू दख्खनमध्ये आला तो 'खुबानी का मीठा' होऊन. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात लग्नाच्या दावतीत तो आजही वाढला जातो. त्यावरही साय असतेच.

हे सारे लिहिताना एक वर्ष मनातून जात नाही. एप्रिल १९९२ मध्ये साराजेव्होला वेढा पडला. तो १४२५ दिवस चालला. त्या ऑगस्टमध्ये तिथले राष्ट्रीय ग्रंथालय तोफांच्या माऱ्यात जळाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत आपली मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसे गेली. त्यानंतर कितीतरी कुटुंबांनी मिश्र वस्तीतली घरे सोडली, आपापल्यांत राहायला गेली. आम्ही हे घरातल्या मोठ्यांकडून ऐकत वाढलो. दोन्ही शहरांत पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणाऱ्यांना अचानक सांगितले गेले की तुम्ही वेगळे आहात, बाहेरचे आहात.

वर्गात आम्ही तुफाहियाची गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, "टीचर, ये मुसलमानों की मिठाई है?" बोस्नियात तुफाहिया मुसलमान खातात, तसेच ख्रिस्ती शेजारीही खातात. आणि मुरांबा महाराष्ट्रात कोणाचा? तिला आम्ही एवढेच सांगितले की घरी जाऊन अम्मीच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावे लिहून आण आणि शेजारच्या मराठी घरातली नावेही विचारून आण. दुसऱ्या दिवशी तिची वही भरून आली होती. हलवा, शरबत, बदाम, पिस्ता, गुलकंद दोन्ही रकान्यांत होते.

आपल्या मुलांना आपली भाषा, आपले खाणे परके असल्याचे उठताबसता ऐकावे लागते. त्याला वादाने उत्तर देता येते, द्यावेही. पण अशी एक वही हाताशी असावी. आणि इफ्तारची वाटी शेजारी नेण्याचा रिवाज मोडू देऊ नये. काकूंची वाटी परत आली ती रिकामी नव्हती. तिच्यात कैरीचा मुरांबा होता.