बायोसमधील 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स': काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

मोबाईलमध्ये ब्लूटूथ नको असेल तर आपण सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करतो. पीसीमध्ये मात्र मदरबोर्डवरचे साउंड, लॅन, यूएसबी हे भाग चालू ठेवायचे की बंद, हे विंडोज सुरू होण्याआधीच बायोसमध्ये ठरतं. नवीन बोर्डवर बायोसच्या जागी यूईएफआय आलं आहे, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात.

मेनू कुठे सापडेल?

पीसी चालू करताच डिलीट किंवा एफ२ बटण पुन्हा पुन्हा दाबा. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' असा वेगळा मेनूच असतो. असूसच्या बऱ्याच बोर्डवर 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'ऑनबोर्ड डिव्हाइसेस कॉन्फिगरेशन' शोधा.

काहीही बदलण्याआधी प्रत्येक स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा. हे का, ते पुढे कळेलच.

कोणती सेटिंग काय करते?

१. एचडी ऑडिओ: मदरबोर्डवरचं साउंड. वेगळं साउंड कार्ड लावलं असेल तर हे 'डिसेबल्ड' केलं तरी चालतं. विंडोजमध्ये आवाज येत नसेल तर हे चुकून बंद तर नाही ना, तेही बघा.

२. ऑनबोर्ड लॅन: केबलने नेट वापरत असाल तर 'एनेबल्ड'च ठेवा.

३. सिरीयल पोर्ट: जुनी मशीन जोडायला लागतो. घरी सहसा उपयोग नसतो, बंद करू शकता.

४. लेगसी यूएसबी सपोर्ट: हे चालूच राहू द्या. बंद केलं तर विंडोज सुरू होण्याआधी यूएसबी कीबोर्ड चालेलच याची खात्री नसते.

५. सॅटा मोड: सगळ्यात जपून वापरायची सेटिंग हीच. इथे आयडीई, एएचसीआय, रेड असे पर्याय दिसतात. विंडोज ज्या मोडवर इन्स्टॉल झालं, त्याचाच ड्रायव्हर ते सुरू होताना वापरतं. मोड अचानक बदलला तर ड्राइव्ह सापडत नाही आणि निळी स्क्रीन येते. घाबरू नका, डेटा उडालेला नसतो. घाईत विंडोज पुन्हा टाकू नका किंवा ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. आधीचा मोड परत लावा, बहुतेक वेळा पीसी पहिल्यासारखा सुरू होतो.

बदलताना हे पाळा

एका वेळी एकच सेटिंग बदला, एफ१० दाबून सेव्ह करा आणि पीसी नीट चालतो का ते पाहा. ड्राइव्हवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर ती मागितली जाऊ शकते.

अडकलात तर?

बायोस उघडत असेल तर 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' निवडा. उघडतच नसेल तर पीसी बंद करून प्लग काढा आणि बोर्डच्या मॅन्युअलप्रमाणे क्लिअर सीमॉस करा. तशी सोय नसेल तर बोर्डवरचा गोल सेल थोडा वेळ काढून ठेवतात. हा सेल बहुतेक सीआर२०३२ असतो.

पण लक्षात घ्या, डिफॉल्ट म्हणजे कंपनीची सेटिंग, तुमची नाही. त्यात सॅटा मोडही बदलू शकतो आणि चालणारं विंडोज बंद पडू शकतं. म्हणून डिफॉल्ट केल्यावर फोटो उघडा, सॅटा मोड जुळवा आणि मगच सेव्ह करा.